‘आता’ कोणी दाबलं?

सोमवार, ४

आज दुकानात आक्रीत घडलं म्हणून ही वही पुन्हा काढली. मागची नोंद सात महिन्यांपूर्वीची, तीही अर्धवट. तेव्हा मी बोटीवरच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. ते जाऊ दे.

सध्या मुक्काम आत्याकडे, पाच आठवडे झाले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं बुटांचं दुकान आहे, पण काचेच्या कपाटात जोड मांडतात तसलं नाही. ज्यांचा एक पाय लांब एक आखूड, बोटं वळलेली, टाच अर्धीच, अशा माणसांचे बूट इथे होतात. आधी पायाचा फर्मा करायचा, म्हणजे हुबेहूब लाकडाचा पाय. मग त्यावर चामडं ओढून बूट शिवायचा. पूर्वी हे फर्मे भिंतभर टांगलेले असत. अकरा वर्षांपूर्वी आत्याच्या मुलीने, आमच्या ताईने, एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात मापं भरली की कोपऱ्यातलं यंत्र घूं घूं करत फर्मा कोरून देतं. त्यावर आत्याने काय करावं? भिंतीवरचे सगळे जुने फर्मे जाळून टाकले. "माझ्या पोरीने केलंय ते, आता लाकडं कशाला सांभाळू?" मग ताई लांब नोकरीला गेली, आणि चारशे बारा माणसांचे पाय त्या एका कॉम्प्युटरमध्ये राहिले.

त्या कॉम्प्युटरवर आत्याच्या अक्षरातला कागद चिकटवलाय. ‘निळी चौकट आली की नंतर दाबावे. आता दाबू नये. दाबणाऱ्याची गय केली जाणार नाही.’ नवी आवृत्ती आलीय, ती घालू का, असं ती चौकट रोज विचारते. आत्या गेली तीन वर्षं रोज सकाळी आधी ‘नंतर’ दाबते आणि मग चहा घेते.

आज सकाळी पडद्यावर भलतंच चित्र, कुठला तरी डोंगर. अक्षरं बारीक, सगळं गुळगुळीत. आणि ताईचा प्रोग्रॅम उघडायला गेलो तर उत्तर आलं, ‘हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालू शकत नाही.’ खाली एकच बटण, ओके. ओके काय, कपाळ!

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळे म्हणजे आत्या आणि तिचा जुना कारागीर उस्ताद, दोघंच, पण त्यांनी दहा जणांएवढं बघितलं.

"भिंगरी, तू हात लावलास?" आत्या म्हणाली. मी एका जागी टिकत नाही म्हणून मी भिंगरी.

"काल मी धक्क्यावर होतो. तिथे एका होडीला रंग देत होते."

"दिवसभर?"

"मोठी होडी होती."

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आत्या चिडली नाही. परवा मी कात्री जागेवर ठेवली नाही तर तिने दुकान डोक्यावर घेतलं होतं. आज चारशे बारा पाय गेले, आणि ती एवढंच म्हणाली, "आता ताईला फोन करावा लागणार." धक्का बसला की माणूस असा गप्प होतो.

मंगळवार, ५

रविवारी दुकान बंद असतं. किल्ल्या दोनच, एक आत्याकडे आणि एक उस्तादकडे. आत्याचं रविवारी डोकं दुखत होतं, ती घरीच होती, असं ती स्वतः म्हणाली. उरलं कोण?

उस्ताद इथे तीस वर्षं आहे. पासष्टी उलटलेला, हात अजून दगडासारखे. त्याला यंत्र मुळीच आवडत नाही. यंत्राने कोरलेला फर्मा हातात आला की आधी अंगठ्याने चाचपतो, कपाळाला आठ्या घालतो, मग पॉलिश-पेपर मारतो. यंत्र बंद पडलं तर सगळ्यांना त्याच्याच हाताकडे बघावं लागेल. कारण मिळालं.

आणि पुरावाही आहे, काल लिहायचा राहिला. काल सकाळी आत्याचा चष्मा सापडत नव्हता. घरभर, दुकानभर शोधला. शेवटी उस्तादने आपल्या एप्रनच्या खिशातून काढून दिला.

"घ्या, बाई. पडला होता."

"कुठे?" मी विचारलं.

"जिथे पडतो तिथे."

आत्याने मुकाट चष्मा घातला आणि सुईत दोरा ओवायला बसली. एक दोरा ओवायला तिला एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

आता यातून काय निघतं? उस्तादला जवळचं दिसत नाही, पण तो ते मरेपर्यंत कबूल करणार नाही. पडद्यावरची अक्षरं वाचायला त्याला चष्मा हवा. म्हणून त्याने आत्याचा ढापला, रविवारी दुकान उघडलं, ‘आता’ दाबलं, आणि चष्मा परत ठेवायला विसरला. मी पोलिसात जायला हवं होतं. एकदा गेलोही होतो भरतीला, पण उंची मोजायच्या रांगेत एकाशी गप्पा मारता मारता दोघं जेवायलाच गेलो.

गुरुवार, ७

ताई आता रोज दुपारी एकला फोन करते, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. मी आल्यापासून तिचा एकही फोन आला नव्हता. आत्या फोन स्पीकरवर ठेवते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

"आई, पडद्यावर काय लिहिलंय ते वाच."

"थांब हं. ह… हा… प्रो…"

"आई, सरळ वाच ना!"

"अगं बारीक आहे. तू जेवलीस का?"

"जेवतेय. पुढचा शब्द?"

"काय जेवतेयस?"

आत्या चामड्यावरचे केसाएवढे व्रण दहा पावलांवरून ओळखते. तिला हे वाचता येत नाही? नव्या आवृत्तीत अक्षरंच काहीतरी वाईट असली पाहिजेत. आजचा फोन पन्नास मिनिटं चालला आणि त्यातून प्रोग्रॅमचं काडीचंही काम झालं नाही.

आणखी एक. एक वाजायच्या आत आत्या केस विंचरते. फोनवर दिसतं थोडंच?

शुक्रवार, ८

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मागची आवृत्ती परत आणता येते. दहा दिवसांच्या आत असेल तर तासाभराचं काम."

आत्याने त्याला दारातच अडवलं. "माझ्या गिऱ्हाइकांचे पाय परक्याला दाखवणार नाही."

"बाई, मी पाय कशाला बघतोय?"

"बघाल. तासभर काय भिंत बघत बसणार आहात?"

गेला बिचारा. मला आधी वाटलं आत्याचं चुकलं. मग विचार केला, तासाभराचं काम असं छातीठोक सांगणारा माणूस कोणी पाठवलेला तर नसेल? जाताना तो आणि उस्ताद दाराबाहेर काहीतरी बोलले. उस्तादने नुसते खांदे उडवले. नोंद केली.

शनिवार, ९

आज टपालवाली आली आणि सगळ्या गोष्टीला धार आली.

तिचा डावा पाय लहानपणच्या आजाराने साडेचार सेंटीमीटर आखूड आहे आणि पाऊल आत वळलेलं. या दुकानातल्या बुटांवर ती नऊ वर्षं टपाल वाटतेय, रोज नऊ किलोमीटर. तिच्या बुटाचा तळ फाटलाय, रबरी पट्ट्यांनी बांधून आली होती. सोमवारी, २५ तारखेला, तिच्या खात्याची चाचणी आहे. पिशवी खांद्याला लावून पूर्ण फेरी ठरलेल्या वेळात मारायची. जमलं नाही तर बाहेरचं काम बंद, तिकिटांच्या खिडकीत बसायचं.

"खिडकीत मी आठवड्यात वेडी होईन," ती म्हणाली. "समोरचा माणूस पाकीट चाटणार आणि मी बघत बसणार. बूट कधी देता?"

आत्याने तिला कॉम्प्युटरचं सांगितलं.

"म्हणजे माझा पाय गेला?"

"गेला नाही गं. आत आहे, पण उघडत नाही."

"मग नव्याने मापं घ्या. पाय मी बरोबरच आणलाय."

यावर उस्ताद पहिल्यांदा बोलला. तिच्या पायाची मापं एका दिवसात घेतलेली नव्हती. तीन वर्षं बूट घालायचे, कुठे रुततं ते सांगायचं, फर्मा केसभर बदलायचा, पुन्हा घालायचे, असं करत ती जुळली. शेवटचे आकडे फक्त प्रोग्रॅममध्ये. "नुसत्या पायाचं माप घेतलं तर उभ्या पायाचा बूट होईल," तो म्हणाला. "हिला चालत्या पायाचा लागतो."

बोलताना तो टपालवालीकडे नाही, आत्याकडे बघत होता. आत्या खाली बघत होती. मला हे टोमणे मारणं अजिबात आवडलं नाही. आपणच करायचं आणि वर दुसऱ्याला बोल लावायचे!

मंगळवार, १२

ताई फोनवर म्हणाली की माझ्याकडची मूळ प्रत जुन्या लॅपटॉपबरोबर गेली, पण घर सोडताना मी आईला एक लाल पेनड्राइव्ह दिला होता, त्यात सगळं आहे. तो मिळाला तर मी इथून अर्ध्या दिवसात प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवून देते.

"सापडत नाही गं," आत्या म्हणाली.

"आई, तू माझ्या पहिलीतल्या फुटपट्ट्यासुद्धा जपून ठेवल्यायस."

"फुटपट्ट्या मोठ्या असतात."

मग मी शोधायला घेतलं. सगळी कपाटं, चामड्याच्या गुंडाळ्या, मेणाचे डबे. एका डब्यात पितळी डोळ्यांची पिशवी मिळाली, लेस ओवतात ते डोळे. दोनशे असतील. मी ते आकाराप्रमाणे लावत बसलो आणि दुपार कशी गेली कळलं नाही. भानावर आल्यावर आत्याच्या शिवणपेटीकडे वळलो, तर उस्ताद मध्ये येऊन उभा.

"भाचेसाहेब, तिथे सुया आहेत."

"पेनड्राइव्ह शोधतोय."

"टोचतील. त्या पेटीला बाईंशिवाय कोणी हात लावत नाही. मी तीस वर्षांत लावला नाही."

एवढी काळजी? मनात पाल चुकचुकली.

गुरुवार, १४

उस्तादने हाताने फर्मा कोरला. चार दिवस, सकाळी सातपासून. खरं सांगायचं तर बघत राहावं असं काम. घरी मी एक पेन्सिल नीट टोकदार करू शकत नाही.

आज त्यावरचा कच्चा बूट टपालवालीने घातला. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, स्टुलावर बसली आणि मोजा काढला. घोट्याखाली रुपयाएवढा लाल डाग.

"शंभर पावलांत एवढा," ती म्हणाली. "नऊ किलोमीटरला काय होईल?" मग तीच उस्तादला म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हो. पायच नाठाळ आहे."

उस्ताद फर्मा हातात धरून उभा होता. आत्या उठून मागच्या खोलीत गेली, आणि बराच वेळ तिकडे नळ वाहत होता.

एक वाजता फोन वाजला. आज तिने केस विंचरले नव्हते. दहा मिनिटांत ठेवून दिला.

उस्तादला यंत्रावर कुरघोडी करायची होती आणि ते जमलं नाही. आता तरी पेनड्राइव्ह काढेल असं वाटलं. नाही काढला. काय दगडाच्या काळजाचा माणूस आहे!

शनिवार, १६

सापडला!

आत्या चामडं आणायला बाजारात गेली होती आणि उस्ताद भट्टीपाशी गोंद गरम करत होता. मी शिवणपेटी उघडली. वरच्या खणात सुया, खालच्या खणात टाचण्या, आणि टाचण्यांच्या डब्याच्या तळाशी लाल पेनड्राइव्ह. एका रुमालात नीट गुंडाळलेला. त्याला ताईच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली: ‘आईसाठी. हरवू नकोस.’

हरामखोरपणाची हद्द बघा. आत्याच्याच पेटीत लपवला, म्हणजे उद्या मिळाला तरी नाव आत्याचं! वर चिठ्ठीही जपून ठेवली, संशय पक्का व्हावा म्हणून. सोमवारी टपालवाली येणार आहे. साक्षीदार हवाच. तोवर पेनड्राइव्ह माझ्या मोज्यात.

सोमवार, १८

आज बरंच घडलं, क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला टपालवाली आली. मी पेनड्राइव्ह मधल्या टेबलावर ठेवला आणि बोललो. चष्मा, किल्ली, दुरुस्तीवाला, पेटीपाशी आडवं येणं, सगळं. रात्रभर पाठ केलं होतं तरी मध्येच होडीच्या रंगावर घसरलो. पण शेवटी उस्तादकडे बोट करून विचारलं, "तुम्हीच दाबलंत ना?"

उस्ताद हात पुसत होता. त्याने आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "मीच. आता हा घ्या आणि हिच्या बुटांचं बघा. सात दिवस राहिलेत."

टपालवाली म्हणाली, "अहो उस्ताद!" एवढंच, पण ते ऐकायला वाईट होतं. ज्या माणसाने नऊ वर्षं तिला चालतं ठेवलं त्याच्याकडे ती अशी बघत होती, की जिंकल्याचा आनंद मला झालाच नाही.

मग आत्या उठली.

"उस्ताद, गप्प बसा. पेटी माझी आहे." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चष्माही माझा आणि बोटही माझंच. रविवारी दुपारी मी आले होते. भिंगरी, यांची माफी माग." मग टपालवालीसमोर जाऊन उभी राहिली. "तुझा पाय यात अडकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा लाज वाटली, आणि लाजेपायी आणखी नऊ दिवस घालवले. तुझे बूट रविवारी मिळतील. नाही मिळाले तर खिडकीत तुझ्या जागी मी बसेन."

"तुम्हाला बसवणार नाहीत," टपालवाली म्हणाली. "परीक्षा असते."

कोणी हसलं नाही. मग उस्तादच जरासे हसले.

मी माफी मागितली. उस्ताद म्हणाले, "चष्म्याचं डोकं चांगलं लढवलंत, भाचेसाहेब. फक्त नाकावर कोणाच्या होता ते चुकलं." त्यांना तो सोमवारी सकाळी कॉम्प्युटरपाशी मिळाला होता. त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, म्हणे. सगळं म्हणजे काय, ते मात्र सांगितलं नाही.

कारण मला अजून काहीच कळलेलं नाही. आपलंच दुकान आपणच कोण बंद पाडतं? विमा? दुकान विकायचंय? विचारलं तर आत्या म्हणाली, "तू कधी कोणाची वाट बघितलीयस का?" मी म्हटलं, बसची. तिने विषय संपवला.

एक वाजता फोन वाजला. आत्या जागची हलेना, म्हणून मी उचलला आणि ताईला सगळं सांगितलं. हक्काने कळायला हवं तिला, प्रोग्रॅम तिचा आहे. तिने प्रोग्रॅमचं सोडून भलतंच विचारलं.

"हे सगळं व्हायच्या आधी मी शेवटचा फोन कधी केला होता रे?"

"मला काय माहीत? मी आल्यापासून तरी नाही."

"तू कधी आलास?"

"आता सात आठवडे होतील. का?"

"काही नाही," ती म्हणाली. नाक ओढल्यासारखा आवाज आला, तिकडे थंडी असेल. "पेनड्राइव्ह लाव. मी सांगते तसं करत जा. आणि मध्येच उठून कुठे जाऊ नकोस."

मी उठलो नाही. साडेपाच तास एका खुर्चीत बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. साडेसहाला ताईचा प्रोग्रॅम उघडला. टपालवालीचं पान काढलं, आत्याने हिरवं बटण दाबलं आणि यंत्र घूं घूं करायला लागलं. उस्तादांनी फर्मा उचलला, अंगठ्याने चाचपला. कपाळाला आठी नव्हती.

शुक्रवार, २२

बूट शिवून झाले. उद्या तळ बसेल. चारशे बारा पायांच्या तीन प्रती काढल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या, माझीच कल्पना. शिवाय उस्तादांनी सांगितलं की यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाचा फर्मा भिंतीवर राहणार. आत्या हो म्हणाली.

सोमवारपासून फोन आलेला नाही. साहजिक आहे, सगळं चालू आहे. आत्या एक वाजता जेवायला बसते आणि पाठ फोनकडे करते.

सोमवार, २५

टपालवाली दुपारी दीडला आली, घामाने डबडबलेली, गणवेशातच. ठरलेल्या वेळेच्या अकरा मिनिटं आधी फेरी पूर्ण. दारातच दोन्ही मोजे काढून पाय दाखवले. एकही डाग नाही.

"निरीक्षक सायकलवर होता," ती म्हणाली. "शेवटी म्हणतो, जरा हळू चला की."

उस्तादांनी डोळे पुसले आणि म्हणाले गोंदाचा वास फार आहे. भट्टी बंद होती. असो. संशय घेणं कमी करायचं ठरवलंय.

आत्याने तिला बुटांवर लावायचं मेण दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर रस्त्याकडे बघत उभी राहिली.

गुरुवार, २८

उद्या निघावं म्हणतो. उत्तरेकडे एक जण मोठे तंबू उभारायचं काम देतो असं ऐकलंय. पिशवी भरत होतो तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. वेळ भलतीच, सकाळचे सव्वाअकरा. मी उचलला. ताई.

"प्रोग्रॅम बिघडला?" मीच घाबरून विचारलं.

"मला कसं कळणार इथून? चालतोय ना?"

"उत्तम चालतोय."

"बरं. आईला दे."

आत्या चामड्याला पाणी लावत होती. तिने मान वर केली नाही. "कामात आहे म्हणावं. काय काम आहे विचार."

मी विचारलं. मग फोनवर हात ठेवून सांगितलं, "ती म्हणते, काम काही नाही."

आत्याचा हात थांबला. "नीट विचार."

पुन्हा विचारलं. "काहीच नाही म्हणते. आज सुट्टी घेतलीय, घरी बसलीय, आणि तू काय करतेयस ते विचारतेय."

आत्या उठली. हात धुतले, एकेक बोट पुसलं, एप्रनची गाठ सोडून तो खुंटीला लावला. केस विंचरले नाहीत. फोन घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. उस्तादांनी लगेच यंत्र बंद केलं, म्हणजे आवाज नको. वास्तविक फर्मा अर्धाच कोरून झाला होता.

आता साडेबारा वाजलेत. दार अजून लोटलेलंच आहे, आणि आतून आत्या हसल्याचा आवाज येतोय. प्रोग्रॅम चालतोय, बूट गेले, काम काही नाही, आणि सव्वा तास फोन? मला यात काहीतरी वेगळंच शिजताना दिसतंय. पिशवी परत खाली ठेवली. छडा लागेपर्यंत काही मी हलत नाही.